कंबोडियातील पर्यावरण करारांचा समन्वय

पर्यावरणविषयक निरनिराळ्या आंतरराष्ट्रीय करारांमुळे एखाद्या राष्ट्रावर येणारी कर्तव्ये परस्परांशी, तसेच त्या राष्ट्राचे कायदे, अर्थसंकल्प व प्रशासन यांच्याशी जुळवून घेण्याच्या कार्यास पर्यावरण करारांचा समन्वय असे म्हणतात. हवामान बदल, जैव विविधता, जमिनीची अवनती, पाणथळ प्रदेश, दुर्मिळ वन्य जीवांचा व्यापार, ओझोनचा थर अशा प्रत्येक विषयाचा करार वेगळा, त्याचे सचिवालय वेगळे व त्याला पाठवावयाचे अहवालही वेगळे असतात. जंगल, जमीन आणि पाणी मात्र एकच असते. हा पेच सर्वच राष्ट्रांपुढे आहे. दीर्घ यादवीतून बाहेर पडलेल्या विकसनशील राष्ट्रात तो अधिक अवघड होतो, कारण तेथे करार आधी येतात आणि ते राबविणारी यंत्रणा मागाहून उभी करावी लागते. आग्नेय आशियातील कंबोडिया (क्षेत्रफळ १,८१,०३५ चौ. किमी.) हे याचे बोलके उदाहरण होय.

पार्श्वभूमी : कंबोडियात १९७० मध्ये यादवी युद्धास प्रारंभ झाला. १९७५ ते १९७९ या काळातील ख्मेर रूज राजवटीत सु. १५ ते २० लाख लोक मृत्युमुखी पडले. शिक्षक, अभियंते, डॉक्टर, सरकारी अधिकारी असा शिकलेला वर्ग जवळजवळ नाहीसा झाला. पुढे एखाद्या कराराचा मसुदा वाचून त्याचा अर्थ खात्याला समजावून देणारा माणूस मिळणेच का दुरापास्त झाले, याचे उत्तर या चार वर्षांत आहे. १९७९ नंतर प्नॉम पेन येथे व्हिएटनामच्या पाठिंब्याने सरकार आले. भारताने त्यास १९८० मध्ये मान्यता दिली. परंतु संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा त्याच्या विरोधकांकडेच राहिली. त्यामुळे देशावर प्रत्यक्ष ज्यांची सत्ता होती त्यांना आंतरराष्ट्रीय करारांत स्थान नव्हते व ज्यांना स्थान होते त्यांच्या हाती देश नव्हता. ओझोनसंबंधीचे व्हिएन्ना (१९८५) आणि माँट्रिऑल (१९८७) येथील करार याच काळात झाले. दुर्मिळ वन्य जीवांच्या व्यापारावरील करारावर (साइट्स) कंबोडियाने १९७३ मध्ये सही केली होती. तिचे अनुसमर्थन होण्यास जुलै १९९७ उजाडला. त्याच महिन्यात आघाडी सरकारातील दोन पक्षांच्या सैन्यांमध्ये राजधानीच्या रस्त्यांवर लढाई चालू होती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

२३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस येथे शांतता करार झाला. त्यानंतर पर्यावरणाचा प्रश्न प्रथम पुढे आला तो युद्धाच्या खर्चाच्या निमित्ताने. शेजारच्या थायलंडने १९८९ मध्ये आपल्या जंगलांतील व्यापारी वृक्षतोड बंद केली होती, त्यामुळे तेथील लाकूड व्यापाऱ्यांची दृष्टी सरहद्दीपलीकडे वळली. पश्चिमेकडील पाइलिन परिसर ख्मेर रूजच्या ताब्यात होता आणि तेथील रत्ने व इमारती लाकूड विकून ती संघटना आपले सैन्य पोशीत असे. सरकारी सैन्याचे अधिकारीही या व्यापारापासून अलिप्त नव्हते. देशाच्या सर्वोच्च राष्ट्रीय परिषदेने ओंडक्यांच्या निर्यातीस बंदी घातली व संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने नोव्हेंबर १९९२ मधील ७९२ क्रमांकाच्या ठरावाने तिला पाठिंबा दिला. मात्र पुढील काही वर्षांत नव्या सरकारने साठ लाख हेक्टरांहून अधिक वनक्षेत्र तीसहून अधिक कंपन्यांना तोडीसाठी सवलतीने दिले. ही तोड १ जानेवारी २००२ पासून स्थगित झाली. १९६५ मध्ये देशाचा सु. ७३ टक्के भाग वनाच्छादित होता. आता हे प्रमाण निम्म्याहून खाली गेले आहे.

करारांचा स्वीकार : १९९३ मध्ये पर्यावरण मंत्रालय स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९९३ रोजी राजे नोरोदोम सिहानुक यांच्या राजाज्ञेने २३ संरक्षित क्षेत्रे जाहीर झाली. त्यांचे क्षेत्रफळ देशाच्या सु. १८ टक्के होते. यांतील काही क्षेत्रे त्या वेळी ख्मेर रूजच्या अंमलाखाली किंवा सुरुंगांनी भरलेली असल्याने नकाशावर हद्द आखणाऱ्या अधिकाऱ्यांना तेथे पाऊलही टाकता येत नव्हते. कार्डमम पर्वतात शास्त्रज्ञांना व्यवस्थित पाहणी करता आली ती २००० मध्ये. तेव्हा वन्य स्थितीत नामशेष झाल्याचे मानले गेलेली सयामी मगर तेथे आढळली. दरम्यान करारांचे अनुसमर्थन झपाट्याने होत गेले. जैव विविधता व हवामान बदल यांविषयीचे करार १९९५ मध्ये, वाळवंटीकरणविरोधी करार १९९७ मध्ये, पाणथळ प्रदेशांचा रामसर करार १९९९ मध्ये, तर ओझोनविषयक व घातक टाकाऊ पदार्थांविषयीचे करार २००१ मध्ये स्वीकारले गेले. क्योटो करारनामा २००२ मध्ये मान्य झाला. या घाईमागे पर्यावरणाच्या कळकळीइतकीच दुसरीही कारणे होती. दोन दशके बहिष्कृत राहिलेल्या राष्ट्राला करारांतील सभासदत्व ही मान्यतेची खूण वाटत होती आणि करारात सामील झाल्याशिवाय त्याच्याशी निगडित असलेला परकीय निधी मिळत नव्हता.

खात्यांची विभागणी : करार स्वीकारताना प्रत्येकासाठी एक जबाबदार खाते नेमावे लागते. जैव विविधता, हवामान, रामसर व ओझोन हे विषय पर्यावरण मंत्रालयाकडे आले. वन्य जीव व्यापार आणि जमिनीची अवनती हे कृषी, वने व मत्स्योद्योग मंत्रालयाकडे गेले. कागदावर ही वाटणी तर्कशुद्ध दिसते. प्रत्यक्षात १९९३ नंतरच्या आघाडी सरकारात मंत्रालये ही पक्षांमधील वाटपाचा विषय होती आणि खात्याच्या अधिकाराचे मोल त्याच्या ताब्यातील जमिनीवरून ठरत असे. पर्यावरण मंत्रालयाकडे संरक्षित क्षेत्रे आली. उत्पन्न देणारी वने व मत्स्यक्षेत्रे कृषी मंत्रालयाकडेच राहिली. वाळवंटीकरणविरोधी कराराचा राष्ट्रीय कृती कार्यक्रम २०१८–२७ या कालावधीसाठी, म्हणजे अनुसमर्थनानंतर दोन दशकांनी तयार झाला, यावरून ज्या कराराबरोबर फारसा पैसा येत नाही त्याची वाट किती लांबते, हे कळते.

या विभागणीचे परिणाम तोनले साप सरोवराइतके स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाहीत. उन्हाळ्यात सु. २,५०० ते ३,००० चौ. किमी. असणारे हे सरोवर पावसाळ्यात चौपट-पाचपट विस्तारते. मेकाँग नदीला पूर आला की तोनले साप नदीचा प्रवाह उलटा फिरतो व पाणी सरोवरात शिरते. काठची जंगले कित्येक महिने पाण्याखाली राहतात आणि त्या बुडालेल्या जंगलात माशांची पैदास होते. कंबोडियन लोकांच्या आहारातील प्राणिज प्रथिनांचा मोठा भाग या व इतर गोड्या पाण्यातील माशांपासून मिळतो. या एकाच सरोवराचा काही भाग रामसर स्थळ आहे. संपूर्ण परिसर १९९७ पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. बुडणारे जंगल जैव विविधता व हवामान या दोन्ही करारांच्या अहवालांत येते. सरोवरातील मासे मात्र कृषी मंत्रालयाच्या मत्स्योद्योग विभागाचे, पक्षी व गाभाक्षेत्रे पर्यावरण मंत्रालयाची आणि २००७ मध्ये स्थापन झालेले तोनले साप प्राधिकरण जलसंपदा व हवामान मंत्रालयाशी जोडलेले, अशी स्थिती झाली.

प्रेक तोआल या गाभाक्षेत्रात पेलिकन व क्षत्रबलाक या पक्ष्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. हे क्षेत्र फ्रेंच अमदानीपासून चालत आलेल्या पद्धतीने लिलावात दिल्या जाणाऱ्या बटांबाँग प्रांतातील दुसऱ्या क्रमांकाच्या मत्स्यक्षेत्रातच मोडत होते. परिणामी एकाच पाण्यावर एक खाते मासेमारीचा मक्ता देई व दुसरे खाते तेथेच संरक्षणाचे नियम लागू करी. मक्तेदाराचे पहारेकरी परक्यांना आत येऊ देत नसत, त्यामुळे गरीब कोळ्यांवर अन्याय होई; जंगल मात्र काही प्रमाणात राखले जाई. २०१२ मध्ये सरकारने सरोवरातील सर्व मक्ते रद्द केले. कोळ्यांच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्यच होता. पण मक्तेदाराचा पहारा गेल्यावर त्याची जागा कोणत्या खात्याने घ्यावी, याची पुरेशी तरतूद आधी झालेली नव्हती. २०१६ च्या तीव्र अवर्षणात तेथील बुडणाऱ्या जंगलाचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. प्रेक तोआल त्याच्या आदल्याच वर्षी रामसर यादीत दाखल झाले होते.

समन्वयाचे प्रयत्न : प्रारंभीच्या वर्षांत प्रत्येक करारासाठी स्वतंत्र राष्ट्रीय समिती नेमण्याची प्रथा पडली. निधी देणाऱ्या संस्थांनाही आपापली समिती हवी असे. अहवाल पुष्कळदा परदेशी तज्ञांच्या साहाय्याने इंग्रजीत तयार होत. ते सचिवालयांच्या मुदती पाळण्यास उपयोगी पडत. ख्मेर भाषेत काम करणाऱ्या प्रांतिक अधिकाऱ्यांपर्यंत ते क्वचितच पोहोचत. समन्वय म्हणजे आणखी एक समिती, असा समज या काळात रूढ झाला आणि तो कंबोडियापुरताच मर्यादित नाही.

२०१५ मध्ये या विखुरलेल्या समित्यांचे कार्य एकत्र आणण्यासाठी शाश्वत विकासाची राष्ट्रीय परिषद स्थापन करण्यात आली व तिचे सचिवालय पर्यावरण मंत्रालयात ठेवण्यात आले. त्याहून महत्त्वाचा फेरफार २०१६ मधला. संरक्षित वने कृषी मंत्रालयाकडून पर्यावरण मंत्रालयाकडे आली आणि शेतीसाठी खाजगी कंपन्यांना दिलेल्या जमिनींचा कारभार उलट दिशेने कृषी मंत्रालयाकडे गेला. तोपर्यंत संरक्षित क्षेत्रांतही रबर व इतर लागवडीसाठी जमिनी देण्यात आल्या होत्या. पर्यावरण मंत्रालय एकीकडे जैव विविधतेचा अहवाल लिहीत होते व दुसरीकडे त्याच क्षेत्रातील जमिनीच्या करारांवर देखरेख करीत होते. जमिनीचा ताबा व कराराची जबाबदारी एका ठिकाणी आणल्याखेरीज समित्यांच्या बैठकांतून फारसे निष्पन्न होत नाही, असे या फेरफारावरून म्हणता येते. २०२३ मध्ये पर्यावरण व नैसर्गिक साधनसंपत्ती यांविषयीची संहिता संमत झाली.

खात्यांमधील सहकार्याची कसोटी पाहणारा एक विषय भारताशी निगडित आहे. कंबोडियात रानटी वाघाचे शेवटचे छायाचित्र २००७ मध्ये मोंडुलकिरी प्रांतात मिळाले व २०१६ मध्ये वाघ तेथून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. वाघांच्या पुनर्वसनास साहाय्य करण्याविषयी भारत व कंबोडिया यांच्यात २०२२ मध्ये करार झाला. वाघ साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने त्याच्या स्थलांतरास दोन्ही देशांचे परवाने लागतात. कंबोडियात साइट्सचे काम कृषी मंत्रालयाकडे आहे, तर वाघाला सोडावयाचे जंगल, त्यातील भक्ष्य प्राणी व फासे काढणारे रक्षक पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत.

देशांतर्गत समन्वय कितीही साधला, तरी तोनले सापचे पाणी बाहेरून येते. कंबोडिया, लाओस, थायलंड व व्हिएटनाम यांनी ५ एप्रिल १९९५ रोजी मेकाँग करार केला. त्याच्या सहाव्या अनुच्छेदात पावसाळ्यात तोनले सापच्या प्रवाहाची नैसर्गिक उलट गती टिकून राहील एवढे पाणी राखण्याची तरतूद आहे. नदीचा वरचा भाग ज्याच्या प्रदेशात आहे तो चीन या कराराचा सभासद नाही. लाओसमधील मुख्य प्रवाहावरील सायाबुरी धरण २०१९ मध्ये कार्यान्वित झाले. कंबोडियाने २०२० मध्ये आपल्या हद्दीतील मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर दहा वर्षे धरण न बांधण्याचे ठरविले. सेसान या उपनदीवरील मोठे धरण मात्र त्यापूर्वीच, २०१८ मध्ये, पुरे झाले होते.