वृद्धाश्रमात जाताय? आधी वर्षाचा बेत आखा!

मैत्रिणींनो, १ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवलेल्या ज्येष्ठांच्या दिवशी, वृद्धाश्रमात फळं वाटायला पुष्कळजण जातात. पण आषाढातल्या भरपावसात कोण जातं? म्हणून महिन्याचे दोनच दिवस ठरवा. व्यवस्थापकांना विचारा, घरीही सांगून ठेवा. एक वही करा. कुणाला वर्तमानपत्र वाचून हवं, कुणाला पत्र लिहून, कुणाला मधुमेह, सारं टिपा. संक्रांतीची वडी मऊच करा. दात कुठे असतात सगळ्यांना?

एकदा मी "बुधवारी येते हं" म्हटलं नि पाहुण्यांच्या गडबडीत राहूनच गेलं. आजी दिवेलागणीपर्यंत दाराशी बसून होत्या! तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय : जमेल तेवढंच कबूल करायचं, पण केलेलं चुकवायचं नाही.