कोथिंबिरीची जुडी

भाजीवाली पिशवीत वरून चार काड्या घालते, त्यामुळे कोथिंबीर ही फुकटची वस्तू आहे अशी आपली समजूत झालेली असते. परंतु पावसाची झड लागली किंवा ऊन तापले, की तीच जुडी भाव खाऊ लागते. अशा दिवसांत तिच्यातील निम्मी सडून टाकावी लागली, तर कोणत्या गृहिणीचा जीव हळहळणार नाही?

घेताना जुडी आतूनही पाहावी. पाणी शिंपडलेली जुडी वरून ताजी दिसते; पण बांधलेल्या जागी ती आधी सडते. रुंद पानांऐवजी शेपूसारखी बारीक पाने दिसली, तर रोप फुलावर आले असे समजावे.

घरी आणताच ती धुऊ नये. खुडलेल्या पाल्याचेही श्वसन चालू असते. ओल साचली तर तो सडतो, उघडा राहिला तर सुकतो. म्हणून पिवळी पाने व मुळे काढून कोथिंबीर कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळावी आणि डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावी. फडके दमटताच बदलावे. जवळ पिकलेली केळी नसावीत; त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात. फ्रीज नसल्यास मुळांसकट जुडी पेल्यातील पाण्यात उभी करून वर ओलसर फडके टाकावे. पाणी रोज बदलावे.

वापरण्यापूर्वी मात्र ती खोल पातेल्यात दोन-तीन पाण्यांनी धुवावी. माती तळाशी बसते. म्हणून पाणी न ओतता पालाच वर उचलून घ्यावा.

कोथिंबिरीचा सुगंध उष्णतेने उडून जातो व 'क' जीवनसत्त्वही घटते. यासाठी आमटी उतरवतानाच ती घालावी. कोवळे देठ टाकू नयेत. चटणीला खरा स्वाद तेच देतात. जुडी मोठी असेल, तर बेसन घालून वड्या उकडाव्या व तळाव्या. विदर्भात कोथिंबिरीलाच 'सांबार' म्हणतात; तेथे पाहुणे म्हणून गेलात आणि सांबारवडी पुढे आली, तर इडलीची वाट पाहू नका!

आणि एक कुंडी रिकामी असेल, तर धने रगडून पेरा. प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. सुमारे दीड महिन्यात खुडण्याजोगी कोथिंबीर आपल्याच खिडकीत तयार होईल. मग ना भावाची चिंता, ना साठवणीची.