सॅकमध्ये शिट्टी आहे का?

पावसाळी ट्रेकला चिवडा, लाडू, तीन तीन टी-शर्ट, सगळं नेतो आपण. वीस-तीस रुपयांची प्लास्टिकची शिट्टी मात्र गटात एखाद्याकडेच असते! हरिश्चंद्रगडावर धुकं दाटलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टी नाही. आल्प्समधल्या गिर्यारोहकांची जुनी खूण आहे: मिनिटात ६ वेळा फुंकायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा ६. उत्तरादाखल ३ आल्या की कुणीतरी ऐकलंय. रात्री हेच टॉर्चने. आत मणी नसलेली शिट्टी घ्या, भिजली तरी वाजते.

टॉर्च डोक्याला बांधायचीच हवी. मोबाइलची बॅटरी ११२ या आपत्कालीन नंबरसाठी राखा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा फोन लागू शकतो.

जीन्स नकोच. कचऱ्याची मोठी जाड पिशवी मात्र ठेवा, डोक्यापुरतं भोक पाडलं की झाला रेनकोट. (मित्र हसतात. हसू देत.)

आणि वाट चुकलात तर ओढ्याने खाली उतरू नका. सह्याद्रीतला ओढा पुष्कळदा थेट कड्यावरून उडी घेतो.