घेवडा शिजतो तेव्हा

वाळलेला वाघ्या घेवडा दाताखाली धरला तर माघार दातालाच घ्यावी लागते. दाण्यात पाणी उरलेलं असतं जेमतेम दहा-पंधरा टक्के. डब्यात वर्षभर निपचित पडून राहील आणि तरीही तो जिवंत असतो. ओल्या मातीत टाकला तर आठवडाभरात मान वर काढेल. हाच दाणा रात्री भिजवून सकाळी इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये टाकला की तासाभरात बोटचेपा होतो आणि भोवतीच्या पाण्याचं दाट, तांबूस कढण होतं. त्या तासाभरात दाण्याच्या आत काय चालतं ते पाहू लागलं की भूक काही वेळ विसरायला होते.

अंगावर गडद पट्टे असलेला हा घेवडा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचा, आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण त्याचं मूळ गाव फार दूरचं. वाघ्या घेवडा, राजमा, भाजीचा श्रावणघेवडा हे सगळे एकाच जातीचे, फॅसिओलस व्हल्गॅरिस. ही वेल माणसाने शेतात आणली ती अमेरिका खंडात, आणि तीही दोनदा: एकदा मेक्सिकोच्या बाजूला, एकदा अँडीज पर्वतात, एकांना दुसऱ्यांचा पत्ता नसताना. आपल्याकडे ती आली कोलंबसानंतर, युरोपीय जहाजांच्या वाटेने.

घेवडा भिजत घातला की आधी तो फुगत नाही, सुरकुततो. साल पाणी पिऊन सैल होते, पण आतली दोन दळं अजून कोरडीच असतात. पाणी आत शिरतं ते बहुतांशी दाण्याच्या पोटावरच्या पांढऱ्या खुणेच्या बाजूने, जिथे तो शेंगेला जोडलेला होता. त्या खुणेशेजारी एक सूक्ष्म छिद्रही असतं. हळूहळू दळं सालीला गाठतात, सुरकुत्या जातात आणि सकाळपर्यंत दाण्याचं वजन जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. एखादा मात्र जसाच्या तसा राहतो. हाच तो गणंग. त्याच्या सालीने पाण्याला वाटच दिलेली नसते. आपण त्याला शिव्या घालतो, पण वेलीच्या बाजूने पाहिलं तर गणंग ही शहाणपणाची गोष्ट आहे. सगळं बी पहिल्याच पावसात उगवलं आणि नंतर पावसाने महिनाभर दडी मारली तर वंश संपला. काही दाण्यांनी उशिरा जागं व्हायचं, हे बियाण्याच्या हिताचंच असतं. आपल्या कढणाचा विचार करून वेलीने काहीच केलेलं नाही, हे ध्यानात ठेवलं तर पुढच्या साऱ्या गोष्टींचा अर्थ लागतो.

दळाच्या आत पेशी असतात, लाखांनी. प्रत्येकीची जाडी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. पेशीत पिष्टाचे कण आणि प्रथिनं ठासून भरलेली, रोपासाठी ठेवलेली शिदोरी. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या पेक्टिनने. तेच पेक्टिन, ज्यामुळे पेरूची जेली धरते. भिंतीतल्या विटा आणि त्यांच्यामधला चुना अशी ही रचना. आपल्याला वाटतं, शिजणं म्हणजे दाणा फुटणं. तसं नसतं. उष्णतेने पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटून पाण्यात विरघळतात, म्हणजे चुना झिजतो. विटा मात्र बहुतेक धडच राहतात. पिष्टाचे कण साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात, पण पेशीच्या भिंतीच्या आतल्या आत. चांगल्या शिजलेल्या घेवड्याचा थोडा गर पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सुट्या, गोल, भरलेल्या पेशींची गर्दी दिसते. जिभेवर जो मऊपणा लागतो तो या पेशी एकमेकींवरून घसरण्याचा.

याचा परिणाम पोटातही होतो. पिष्ट पेशीच्या भिंतीत कोंडलेलं असल्यामुळे आपल्या पाचकरसांना त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि रक्तातली साखर सावकाश चढते. घेवडा आधी दळून त्याच्या पिठाचं कढण केलं तर हा फायदा बराच कमी होतो, कारण जात्याने विटाच फोडलेल्या असतात. दोन्ही कढणं दिसायला सारखी, घटक सारखे, फरक फक्त भिंत धड असण्या-नसण्याचा. मला हे कुकरपेक्षाही जास्त थक्क करतं.

आता तो चुना कधी कधी का झिजत नाही? पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकमेकींशी बांधून टाकतात. ताज्या दाण्यात या धातूंचा बराच भाग फायटेट नावाच्या फॉस्फरसच्या साठ्याने धरून ठेवलेला असतो. पण घेवडा उकाड्यात आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडला की एक विकर हे फायटेट फोडतं, कॅल्शियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. वरच्या फळीवर राहिलेला जुना घेवडा कितीही शिजवला तरी कचकचीत राहतो तो यामुळे. बोअरवेलचं जड पाणीही हेच करतं, बाहेरून कॅल्शियम पुरवून. चिंच, आमसूल, टोमॅटोही आड येतात, कारण आंबट पाण्यात पेक्टिन तुटण्याचा वेग मंदावतो.

मिठाचं मात्र उलट आहे. आधी मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही, असं कित्येक घरांत शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यात लिटरला मोठा चमचाभर मीठ टाकलं तर सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल लवकर मऊ होते आणि कमी फुटते. सोडा आणखी जलद काम करतो, पण ब-१ जीवनसत्त्व मारतो आणि चिमटीपेक्षा जास्त पडला तर कढणाला साबणाची चव येते. जुनाट घेवडा सोडला तर मी सोड्याच्या वाटेला जाणार नाही.

राहिली उष्णता. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही; गॅस मोठा केला तर फक्त वाफ जास्त होते. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, लेहला ८८ च्या आसपास, आणि तिथे उघड्या भांड्यात राजमा शिजवणं म्हणजे दिवसभराचं काम. यावरचा उपाय देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला: घट्ट झाकणाचं जाड भांडं, ज्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याला उकळायला जास्त तापावं लागतं. भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणाला वजन लावलेली झडप बसवली. दाब वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाऊन वाफ निसटते. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच झडपेची वंशज. पापँ त्यात हाडं मऊ करी. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यात रांधलेलं जेवण चाखलं, आणि त्यांच्यातल्याच जॉन इव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. हा पापँ पुढे लंडनमध्येच विपन्नावस्थेत गेला.

शिट्टीच्या कुकरमध्ये हवेच्या दाबावर आणखी साधारण तेवढाच दाब चढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत जातं. इलेक्ट्रिक कुकर बहुधा थोडे मवाळ असतात, ११५ ते ११८ अंशांच्या दरम्यान. रसायनशास्त्रातला ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी चढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पंधरा-सोळा अंशांची ही चढण म्हणजे जवळजवळ तिप्पट वेग. आणि दोन तासांचं काम पाऊण तासात उरकणं यात मग जादू राहत नाही.

इलेक्ट्रिक कुकरची खरी गंमत त्याच्या शांततेत आहे. शिट्टी होते तेव्हा दाब क्षणभर घसरतो, आतलं पाणी खदखदतं आणि दाणे एकमेकांवर आपटतात. इलेक्ट्रिक कुकरमध्ये पिन वर चढून झाकण बंद झालं की वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही. तळाशी तापमान मोजणारा सेन्सर असतो. अनेक कुकरांत आतल्या दाबाने भांडं खाली रेटलं जातं, तळाची लवचीक पट्टी किंचित वाकते आणि तिच्यामुळे हीटर बंद होतो. दाब उतरला की पुन्हा चालू. आत दाब समतोलात असतो तोवर पाणी ११५ अंशांचं असूनही उकळत नाही, बुडबुडेही येत नाहीत. दाणे जागच्या जागी शिजतात, म्हणून साली धड राहतात आणि कढण नितळ उतरतं.

हाच समतोल घाईने मोडला तर काय होतं ते हिशेबाने पाहण्यासारखं आहे. एक लिटर पाणी ११५ अंशांना आहे आणि आपण वाफेचं बटण एकदम सोडलं. दाब गेला की पाण्याला १०० अंशांवर यावंच लागतं, आणि जास्तीची उष्णता सुमारे २८ ग्रॅम पाण्याची वाफ करते. ऐकायला किरकोळ, पण ही वाफ जागा घेते पंचेचाळीस-पन्नास लिटर! शिवाय ती फक्त रश्शात होत नाही, प्रत्येक दाण्याच्या पोटातल्या पाण्याचीही होते, आणि साली तडातड फुटतात. घेवड्यातल्या सॅपोनिन आणि प्रथिनांचा फेस उसळून झडपेत घुसतो तो वेगळाच. त्यामुळे भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरायचं नाही, फेस दबावा म्हणून चमचाभर तेल सोडायचं, आणि शिजल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात न लावता दाब आपोआप उतरू द्यायचा. दाण्याच्या गाभ्यातलं उरलेलं शिजणंही याच मिनिटांत होतं.

एक गोष्ट मात्र कौतुकाची नाही, सावधगिरीची आहे. कच्च्या घेवड्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं, आणि चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी तीनेक तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. किमान पाच तास भिजवायचं, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात पूर्ण उकळायचं, हा त्यावरचा उपाय. प्रेशरच्या उष्णतेत हे विष सहज नामशेष होतं. पण याच कुकरांवर बऱ्याचदा मंद शिजवण्याचंही बटण असतं. कच्चा राजमा त्यावर कधीही लावू नये. ८० अंशांच्या आसपास नुसता गरम राहिलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त, काही वेळा पाचपट विषारी ठरू शकतो, आणि दिसतो मात्र शिजल्यासारखा.

आणि याच विषाने वैद्यकाचं एक दार उघडलं. ते रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं, म्हणून प्रयोगशाळेत तांबड्या पेशी बाजूला काढायला वापरत. फिलाडेल्फियातल्या पीटर नोवेल यांना दिसलं की ते घातल्यावर राहिलेल्या पांढऱ्या पेशी विभागू लागतात. एरवी रक्तात फिरणाऱ्या या पेशी विभागत नाहीत, आणि गुणसूत्रं नीट पाहता येतात ती पेशी विभागत असतानाच. १९६० मध्ये नोवेल यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी त्यांनी आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात आखूड झालेलं एक गुणसूत्र दाखवलं, आणि कर्करोगाचा धागा एका ठरावीक गुणसूत्रदोषापर्यंत पहिल्यांदा पोचला. त्याच धाग्यावरून पुढे २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध रुग्णांपर्यंत आलं. आजही रक्तावरून गुणसूत्रांची तपासणी करताना पेशींना विभागायला लावण्यासाठी घेवड्याचं हे प्रथिन वापरतात.

वायू होण्याचं कारण याहून साधं: रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा फोडणारं विकर आपल्याकडे नाही, म्हणून त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात. कुकर त्यांचं फारसं काही वाकडं करत नाही. भिजवलेलं पाणी फेकल्याने त्यातल्या काही जातात. हिंगाने वायू खरोखर किती थांबतो यावर मी पैज लावणार नाही, पण हिंगाशिवाय घेवड्याची फोडणी मला कल्पवतही नाही.

तर कढण असं: वाटीभर घेवडा मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुवायचा, चार वाट्या ताजं पाणी, हळद, लसूण, चमचाभर तेल, प्रेशर आल्यापासून बारा-पंधरा मिनिटं, मग दाब आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. जुना दाणा असेल तर वेळ वाढवावा. झाकण काढल्यावर पळीभर दाणे रवीने घोटून परत सोडायचे; काही पेशी फुटतात, त्यांतलं पिष्ट बाहेर येतं आणि कढण दाटतं. मिक्सर फिरवला तर फार पेशी फुटतात आणि चिकट लगदा होतो. आमसूल सगळ्यात शेवटी, जिरं-हिंग-मिरचीची फोडणी त्यावर. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं, कारण थंड झालेल्या पिष्टाच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात. ते पातळ करताना आधणाचं पाणी घालावं. गार पाणी घातलं तर गुठळ्या लवकर सुटत नाहीत.