कॉलेजची तीन वर्षे आणि मनातली कंपनी

पदवीचे निकाल लागले की गोंदियाच्या बाजारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "पोरगा ग्रॅज्युएट झाला, आता कुठे लावावा?" प्रश्न रास्त आहे, पण तो विचारायला उशीर झालेला असतो. मोठ्या कंपन्या नव्या मुलांची निवड बहुधा शेवटच्या वर्षाच्या आरंभीच सुरू करतात. गुणपत्रिका हाती पडते तोवर त्या वर्षाच्या जागा बऱ्याच अंशी भरलेल्या असतात. आमच्या व्यापारी बांधवांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ईदचा माल कोणी चाँदरातीला भरत नाही, तो दोन-तीन महिने आधी भरावा लागतो. नोकरीचेही तसेच आहे. मनातल्या कंपनीची तयारी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून करायची असते.

आधी कंपनी ओळखा

"चांगली नोकरी पाहिजे" असे म्हणून भागत नाही. कोणत्या कंपनीत, कोणत्या खात्यात, कोणत्या कामावर, हे ठरवावे लागते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा भातगिरण्या, तेंदूपत्ता आणि विडीसाठी ओळखला जातो, पण आज चित्र तेवढेच नाही. गोंदिया-नागपूर रेल्वेमार्गावरच्या तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे अदानी औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे पाच संच तेथे २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. गोंदिया जंक्शन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर आहे आणि तेथे मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये आहेत.

यातल्या प्रत्येक ठिकाणी आत जाण्याची वाट वेगळी आहे. रेल्वेच्या वाटेला परीक्षा आणि आयटीआय लागते, वीज केंद्राच्या वाटेला पदविका, पदवी किंवा परवाना, आणि संगणक कंपनीला गणिताची चाचणी व प्रोग्रामिंग. मुलाने पहिल्या वर्षी एक काम जरूर करावे. आवडत्या दोन-तीन कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती मिळवून त्यांत मागितलेली पात्रता वहीत लिहून काढावी. पुढच्या तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्या वहीतच सापडतो.

बापाचा धंदा हीच पहिली शाळा

आमच्या मुलांची एक चुकीची समजूत आहे. अब्बांचे वर्कशॉप, दुकान किंवा गिरणीतली नोकरी ही मुलाखतीत लपवायची गोष्ट आहे, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे.

आपल्याकडच्या उसना तांदळाच्या गिरणीचे उदाहरण घ्या. धान भिजवतात, वाफवतात, सुकवतात आणि मग भरडतात. ती वाफ बॉयलरमधून येते आणि बॉयलर बहुधा धानाच्या तुसावरच चालतो. तिरोड्याच्या वीज केंद्रातही मुळात पाण्याची वाफच करतात, फक्त तेथे जळण कोळशाचे आणि वाफ टर्बाइन फिरवते. तेथली यंत्रणा सुपरक्रिटिकल प्रकारची आहे, म्हणजे पाण्यावरचा दाब २२१ बारच्या वर आणि तापमान ३७४ अंश सेल्सिअसच्या वर नेला जातो. फरक प्रचंड आहे, पण पाण्याची शुद्धता, सेफ्टी व्हॉल्व्ह, जळणाचा हिशेब ही बाराखडी तीच. गिरणीत दोन सुट्ट्या घालवलेल्या पदविकेच्या विद्यार्थ्याला मुलाखतीत बॉयलरविषयी विचारले, तर त्याच्याकडे पुस्तकाबाहेरचे उत्तर असते.

बॉयलर चालविण्यासाठी बाष्पके संचालनालयाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. परिचरासाठी एक परीक्षा आहे, अभियंत्यासाठी वेगळी. विजेच्या कामासाठी वायरमनचा परवाना असतो. परवाना हा असा दाखला आहे की तो कोणत्याही जिल्ह्यात, कोणत्याही कारखान्यात दाखवता येतो.

वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनीही हेच करावे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर लहान दुकानदारालाही बिले, खरेदीची नोंद आणि विवरणपत्रे नियमाने ठेवावी लागतात. घरच्या दुकानाचा हिशेब वर्षभर संगणकावर ठेवणाऱ्या बी. कॉम.च्या विद्यार्थिनीला अर्जात "दुकानात मदत केली" असे लिहिण्याची गरज नाही. किती मालाची नोंद ठेवली, महिन्याला किती बिले केली, विवरणपत्र कोणी भरले, हे तिने आकड्यांत लिहावे. कंपनीचा अधिकारी आकडा वाचतो, विशेषण वाचत नाही.

वर्षनिहाय तयारी

पहिले वर्ष पाया भरण्याचे. अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के मागतात आणि एकही विषय राहिलेला चालवून घेत नाहीत. पहिल्या सत्रात राहिलेला विषय तिसऱ्या वर्षी दार बंद करतो. याच वर्षी इंग्रजीची भीती घालवावी. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाने रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि आपल्या घरच्या धंद्याविषयी दोन मिनिटे न अडखळता बोलण्याचा सराव करावा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा "स्वतःबद्दल सांगा" हाच असतो.

दुसरे वर्ष हाताने काम शिकण्याचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या कारखान्यात, सनदी लेखापालाच्या कार्यालयात किंवा संगणक दुरुस्तीच्या दुकानात दोन महिने काम करावे, पगार थोडा असला तरी हरकत नाही. मात्र काम संपल्यावर अनुभवाचे पत्र घ्यावे. अंकगणित, तर्क आणि इंग्रजीच्या चाचण्यांचा सरावही याच वर्षी सुरू करावा.

तिसरे वर्ष अर्जांचे. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात नाव नोंदवावे. आपल्या कॉलेजात कंपन्या येत नसतील तर नागपूरच्या संयुक्त भरती मेळाव्यांची चौकशी ठेवावी. टीसीएससारख्या कंपनीची पात्रता चाचणी कोणत्याही कॉलेजच्या पात्र विद्यार्थ्याला देता येते.

अभियंता नसलात तरी

अभियांत्रिकीची फी झेपली नाही म्हणून मोठ्या कंपनीचे दार बंद झाले, असे मानू नये. आमच्या वाचकांना ठाऊक असेल की विप्रो ही कंपनी १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू केली. पुढे त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी तिला संगणकाच्या धंद्यात आणले. या कंपनीची एक योजना बी. सी. ए. आणि बी. एस्सी. झालेल्यांना नोकरीवर घेते आणि नोकरी करताकरता एम. टेक. शिकविते. शिक्षणाचा खर्च कंपनी उचलते, त्या बदल्यात ठराविक काळ नोकरीत राहण्याचा करार करावा लागतो. करार वाचूनच सही करावी, हे आम्ही व्यापाऱ्यांना सांगायला नको. एचसीएलची टेकबी योजना तर बारावी पास झालेल्यांसाठीच आहे.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. पदवी किंवा पदविका झालेल्यांसाठी एक वर्षाची स्वतंत्र योजना आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा. आयटीआय झालेल्या जोडारी, वीजतंत्री, संधाता यांच्यासाठी रेल्वेचा नागपूर विभाग शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती काढतो. ही उमेदवारी पूर्ण करणाऱ्यांना रेल्वेच्या पहिल्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागांवर प्राधान्य आहे.

नावाचा प्रश्न

आता त्या गोष्टीविषयी, जी घराघरांत बोलली जाते. "नाव बघूनच अर्ज बाजूला ठेवतात, मग शिकून काय उपयोग?" हा केवळ मनाचा संशय आहे असे आम्ही म्हणणार नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले, फक्त नावे वेगवेगळी ठेवली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश भरले.

अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण आपल्या मुलाचे वय वाट पाहत थांबत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की ज्या दारावर पहिली चाळणी गुणांची असते, ते दार आधी ठोठवावे. संगणकावरची चाचणी यंत्र तपासते. रेल्वेची शिकाऊ उमेदवारांची यादी दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर लागते, तेथे मुलाखत नाही. बॉयलरची, वायरमनची, सनदी लेखापालाची परीक्षा पास झालेल्याचा दाखला कोणी नाकारू शकत नाही. एका दारावरून परत आलेल्याने दुसऱ्यावर जावे. अर्ज करणेच सोडून दिले, तर अन्याय करणाऱ्याचे काम आपणच सोपे करतो.

नावाचाच दुसरा प्रश्न मात्र आपल्या हातातला आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर शेख, आधार कार्डावर शैख, पदवीवर वडिलांचे नाव वेगळे, असे आमच्या घरांत फार होते. निवड झाल्यावर कंपनी कागदपत्रे तपासते आणि मिळालेली नोकरी तेथे अडकू शकते. पहिल्या वर्षीच सगळे कागद समोर ठेवून नावाचे अक्षर न् अक्षर जुळवावे. गरज पडल्यास राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी.

पालकांसाठी

दोन सूचना पालकांना कराव्याशा वाटतात. पहिली, नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नका. नामांकित कंपनी निवडीसाठी उमेदवाराकडून अनामत घेत नाही. कंत्राटदाराकडे सुरुवात करावी लागली तर लाज नाही, मात्र भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडून घ्या. उद्या अनुभवाचा पुरावा म्हणून तेच उपयोगी पडते.

दुसरी सूचना मुलींविषयी. पदवीपर्यंत शिकविलेल्या मुलीला "नागपूर लांब आहे" म्हणून चाचणीलाही पाठविले जात नाही. नागपूर गोंदियाहून रेल्वेने काही तासांचे अंतर आहे. सोबत जा, चाचणी देऊ द्या, वसतिगृहाची चौकशी स्वतः करा. मालाच्या खरेदीसाठी आपण महिन्यातून किती वेळा नागपूर गाठतो, याचा हिशेब एकदा करून पाहा.

आपल्या समाजातल्या कारागिराने हुनर कधी एका दिवसात शिकलेले नाही. उस्तादाच्या हाताखाली वर्षे काढल्यावरच लोक त्याला कारागीर म्हणतात. कॉलेजची तीन वर्षेही अशीच शागिर्दीची वर्षे आहेत. या सत्रात ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पहिल्या वर्षाला बसली आहे, त्यांनी या आठवड्यातच एक कोरी वही आणून द्यावी आणि पहिल्या पानावर मनातल्या कंपनीचे नाव लिहून घ्यावे. बाकीची पाने भरायला तीन वर्षे आहेत.