छिंगमिंगला शुभेच्छा देत नाहीत

आमच्या वस्तीतला एक मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे. बरोबरचे काही जण चिनी, म्हणून त्याने त्यांचे दहा-बारा शब्द वहीत उतरून घेतले. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा सण आला. याने हौसेने 'छिंगमिंग ख्वाइल' म्हटले. समोरचा हसलाच नाही.

'ख्वाइल' म्हणजे आनंदी. नव्या वर्षाला 'छुनच्ये ख्वाइल' म्हणतात. 'छुन' म्हणजे वसंत, 'च्ये' म्हणजे सण. तेच याने छिंगमिंगला जोडले. छिंगमिंगचा अर्थ 'स्वच्छ, उजळ', ऐकायला किती छान! पण हा दिवस पूर्वजांच्या कबरी झाडून त्यांना वंदन करण्याचा. 'साओ' म्हणजे झाडणे, 'मू' म्हणजे कबर.

सुट्टीवर आल्यावर तो हे सांगू लागला, तेव्हा आम्ही एवढेच विचारले, "अरे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तुला कुणी हॅपी म्हटले तर?" पोराने मान खाली घातली. शब्द पाठ करावा, पण तो कोणत्या दिवसाचा तेही विचारून घ्यावे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर उपचार केले, कुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' भारत, 'हुआ' चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. शिच्याच्वांग शहरातल्या त्यांच्या समाधीवर छिंगमिंगला लोक आजही फुले वाहतात.

आमच्या मंडळींना मात्र वहीतला दुसराच शब्द आवडला : लाबा. 'ला' म्हणजे चिनी पंचांगाचा बारावा महिना, 'बा' म्हणजे आठ. बहुधा जानेवारीत येणारा हा दिवस. बुद्धांना तिकडे 'फो' म्हणतात, आणि फोला ज्ञानप्राप्ती झाली ती या दिवशी, असे तिथले बौद्ध मानतात. आपण ती वैशाख पौर्णिमेला मानतो. तांदूळ, कडधान्ये, शेंगदाणे, खजुरासारखी लाल बोरे एकत्र शिजवून 'लाबाचोऊ' करतात. विहारातून ती लोकांना वाटतात, सुजाताच्या खिरीची आठवण म्हणून. हा शब्द आमच्या बायकांना एकदाच सांगावा लागला.

मुलाची आई चुलीपाशी होती. तिने तिथूनच विचारले, "त्यात गूळ घालतत काय रे?"

"साखर," तो म्हणाला.

"मगे गूळ घालून बघूया."