धूर काय सांगतो?

सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या भराभर वीस-पंचवीस वेळा दाबा. आता पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. ते गरम लागते, होय ना? हवा झटकन दाबली की तापते. याच साध्या तत्त्वावर डिझेल इंजिन चालते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी नव्हतीच!

तुमच्या घरी किंवा एखाद्या नातेवाइकाकडे डिझेलची जुनी ॲम्बॅसिडर असेल. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण जपणाऱ्यांनी ती जपली आहे. निदान वडापच्या जुन्या जीपमधून तरी तुम्ही गेला असाल. अशी गाडी एखाद्या दिवशी धूर ओकू लागते आणि कोणीतरी म्हणते, “इंजिनचे काम निघाले!” इंजिन उतरवायचे म्हणजे मोठा खर्च. पण दोष खरोखर इंजिनाच्या पोटात आहे, की एखाद्या साध्या फिल्टरमध्ये? इंजिन न खोलताही याचा बराचसा उलगडा घरच्या अंगणात होऊ शकतो. कसा, ते पाहू या.

इंजिनाच्या तीन गरजा

डिझेल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : भरपूर स्वच्छ हवा, ती तापविणारा दाब आणि योग्य क्षणी बारीक फवाऱ्याने येणारे डिझेल. जुन्या मोटारींच्या इंजिनात हवा दाबून सुमारे विसाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबली जाते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. डिझेल तर २५० अंशांच्या आसपासच आपोआप पेटते. म्हणून नोझलमधून फवारा उडताच जाळ होतो. हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा वेळेवर उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. हे कॅमशाफ्ट सोलापुरातही तयार होतात आणि परदेशांत जातात, बरे का!

तेव्हा धूर दिसला की एकच प्रश्न विचारायचा : या तिघांपैकी काय कमी पडले?

काळा धूर : हवा कमी

कंदिलाची वात फार वर केली तर काच काळी होते. जळणाच्या मानाने हवा अपुरी पडते आणि कार्बनची काजळी होते. सायलेन्सरमधून येणारा काळा धूर म्हणजे हीच काजळी.

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल, तर सोलापूर ते पंढरपूर या सुमारे ७० किलोमीटरच्या प्रवासात डिझेल जाळण्यासाठीच तिला निदान ५० हजार लिटरच्या आसपास हवा लागते. ही सगळी हवा उन्हाळ्यातल्या धुळीतून गाळून घ्यायची! म्हणून इंजिन बंद असताना प्रथम एअर फिल्टर पाहा. कागदी फिल्टर उन्हाकडे धरला आणि प्रकाश आरपार दिसला नाही, तर तो चोंदला आहे. जुन्या जीपमध्ये तेलाचा फिल्टर असतो. त्याच्या तळाशी चिखल साचला आहे काय, ते पाहा. फिल्टर बदलूनही धूर काळाच राहिला, तर नोझल बारीक फवारा न उडवता थेंब टाकत असावे.

पांढरा धूर : उष्णता कमी

डिसेंबरच्या थंड सकाळी गाडी कशीबशी सुरू होते, पांढरा धूर सोडते, त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो आणि डोळे चुरचुरतात. हे न जळलेल्या डिझेलचे धुके आहे. हवा पुरेशी तापली नाही. थंडीत मदतीसाठी प्रत्येक सिलिंडरमध्ये हीटर प्लग असतो. तो तपासताना मेकॅनिक प्लगची तार सोडवतात. मग १२ व्होल्टच्या दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन अग्राला आणि दुसरे प्लगला लावतात. दिवा लागला तर प्लगमधील तार शाबूत, न लागला तर तुटलेली. शाळेत शिकलेले विद्युत्मंडल ते हेच! सगळे प्लग चांगले असूनही त्रास राहिला, तर दाब कमी पडत असेल. मग पिस्टनच्या रिंगा किंवा झडपा झिजल्याचा संशय घ्यावा.

पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतो, त्याला डिझेलचा वास नाही आणि रेडिएटरमधले पाणी सारखे घटते, असे असेल तर ती वाफ आहे. इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. हेड गॅस्केट फाटल्याची ही खूण. मग गाडी मुळीच चालवू नये. मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यातच बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये साचले असतील तर इंजिन लवकर तापते आणि गॅस्केटवर संकट येते.

निळा धूर आणि धूरच नाही

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खात आहे. झिजलेल्या रिंगांमधून किंवा झडपांच्या बाजूने ऑइल सिलिंडरमध्ये शिरते. पट्टीवरची पातळी दर आठवड्याला टिपली की ते किती वेगाने घटते हे कळते.

स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरू होत नाही आणि सायलेन्सरमधून धुराचा मागमूसही नाही? मग डिझेलच पोहोचत नाही. टाकी रिकामी होऊन गेली असेल, तर नळीत हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, “गाडीने एअर घेतली.” हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे पंपाचा जोर हवेचा बुडबुडा दाबण्यातच वाया जातो. हवा काढून टाकली की गाडी सुरू होते.

हे मात्र करू नका

मेकॅनिक जुन्या इंजिनात एकेका नोझलचा पाइप सैल करतात. ज्याचा पाइप सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मुळात कामच करीत नव्हता! युक्ती सुंदर आहे, पण तुम्ही ती लांबूनच पाहा. शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. नव्या कॉमन रेल इंजिनांत तर हा दाब हजाराच्याही वर असतो. तिथे ही युक्ती कोणीच करू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. ओढणी, बाह्या व हात पंख्यापासून दूर ठेवा आणि प्रत्येक तपासणी मोठ्यांच्या सोबतीनेच करा.

एक वही घ्या. तारीख, इंजिन थंड की गरम, धुराचा रंग, वास, ऑइलची व पाण्याची पातळी, असे रकाने आखा. सोपी आणि स्वस्त तपासणी आधी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडला ते लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही. गॅरेजमध्ये जाताना ही वही बरोबर न्या. ती वाचून चांगला मेकॅनिक इंजिन उतरवण्याआधी फिल्टर नक्की पाहील.